उलट्या नावाचा जादूगार

नाशिकहून त्र्यंबकचा रस्ता धरला, की २८ किलोमीटरच्या प्रवासात दोन डोंगर भेटतात. वाटेत अंजनेरी. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविक त्याला हात जोडतात. आणि शेवटी गावाच्या पाठीशी उभा ठाकलेला ब्रह्मगिरी. पावसाळ्यात तर हा डोंगर ढगात असा काही दडतो, की नवख्या माणसाला पत्ताच लागू नये.

या डोंगरावर गोदावरी उगम पावते. पण सरळपणे नाही! वर ती दिसते, मग गुप्त होते. खाली गंगाद्वारापाशी पुन्हा प्रकटते, पुन्हा दडी मारते. अखेर गौतम ऋषींनी कुशाच्या गवताने तिला अडवले आणि ती गावातल्या कुशावर्त कुंडात स्थिरावली, अशी कथा इथला प्रत्येक जण सांगतो. सिंहस्थात लाखो लोक स्नान करतात ते याच कुंडात.

दिसणे, नाहीसे होणे आणि भलत्याच जागी पुन्हा उगवणे. कोणत्याही जादूगाराच्या पोतडीतला हा पहिला खेळ. तेव्हा एका जादूगाराचा जन्म त्र्यंबकला व्हावा, हे गमतीचे असले तरी अगदीच विजोड नाही. ३० एप्रिल १८७० रोजी या गावात धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. दादासाहेब फाळके, भारतीय चित्रपटाचे जनक! हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण चित्रपट काढण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधी हे गृहस्थ ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे जाहीर प्रयोग करत होते, हे फार थोड्यांना माहीत असते. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट २००९ मध्ये आला, तेव्हा पडद्यावर हातचलाखी करणारे फाळके पाहून पुष्कळ प्रेक्षकांना वाटले, की ही दिग्दर्शकाची कल्पना असावी. ती कल्पना नव्हती.

केळफा हे नाव कुठून आले? फाळके हा शब्द उलटा वाचून पाहा. के-ळ-फा. इंग्रजी स्पेलिंग उलटवून हे नाव मिळत नाही, ते देवनागरी अक्षरेच उलटवावी लागतात. म्हणजे विलायती वाटावे म्हणून घेतलेले हे नाव पक्के मराठी होते!

बडोद्याचे दिवस

फाळक्यांचे वडील संस्कृतचे जाणकार. मुलानेही शास्त्री व्हावे अशी घरची रीत. पण वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आले आणि धुंडिराजने १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. तिथून बडोद्याचे कलाभवन. प्राध्यापक गज्जर यांनी उभी केलेली ही संस्था त्या काळात मोठी नावाजलेली. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण, ब्लॉक बनवणे, छपाई... जे दिसेल ते या मुलाने शिकून घेतले. एका धंद्याला चिकटून राहा, असे आजचा कोणताही बाप मुलाला सांगेल. फाळक्यांना तसे कोणी सांगितले असेल, तर त्यांनी ऐकले नाही, हे बरेच झाले.

पुढे त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. १९०० च्या सुमारास प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोघेही गेले. तिशीतला हा माणूस एकटाच बडोद्याला परतला. पुन्हा स्टुडिओ काढला, तर गावात अफवा पसरली, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो! नुकतीच प्लेगमध्ये घरची माणसे गमावलेल्या फोटोग्राफरच्या दारात कोण येणार? स्टुडिओ बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून पोट भरणे आले.

याच काळात फिरतीवर असलेल्या एका जर्मन जादूगाराची आणि त्यांची गाठ पडली. त्याच्याकडून फाळक्यांनी काही खेळ शिकून घेतले. १९०१ च्या अखेरीस प्रोफेसर केळफा लोकांसमोर उभे राहिले.

‘प्रोफेसर’ का? तो जमानाच प्रोफेसरांचा होता. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे प्रोफेसर, छातीवर हत्ती घेणारे राममूर्ती प्रोफेसर. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या या प्रोफेसरांना तिकीट काढून पाहायला लोक गर्दी करत. जादूगारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. फ्रान्सच्या रॉबेर-ऊदँ याने एकोणिसाव्या शतकात जादूगाराची लांब झग्याची आणि उंच टोपीची जुनी मांत्रिकी वेशभूषा टाकून साधा संध्याकाळचा काळा कोट घातला. त्याच्या देशात हे बंड होते. आपल्याकडे मात्र तो कोट नुसता नकलेला गेला. साहेबाचा कोट, साहेबी नाव, साहेबाचेच खेळ. मदारी आणि गारुडी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर जे दाखवत, त्यापेक्षा आपण वेगळे आहोत हे सांगण्याचा तो सोपा मार्ग होता.

केळफाही त्याच वाटेने गेले, हे कबूल केले पाहिजे. शिकलेले खेळ जर्मनाचे, नाव उलटे करून परके केलेले. त्यात फाळक्यांचे असे काय होते? फारसे काही नसावे. १९०२ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. मुलगी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची भाची, लग्नानंतरचे नाव सरस्वती. १९०३ मध्ये फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी धरली. जादूने चूल पेटत नव्हती, हे उघड आहे. पण जादू सुटली नाही.

लोणावळे ते गिरगाव

नोकरीही टिकली नाही. १९०६ मध्ये ती सोडून फाळक्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे काम ते करून देत. घराघरांतल्या भिंतींवरची लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला ज्या छपाईने आल्या, त्या छपाईतली खाचाखोच त्यांनी हाताळली. पुढे छापखाना दादरला हलला, भागीदार मिळाले, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन नवी यंत्रे पाहून-घेऊन झाली. मग भागीदारांशी बिनसले. फाळके बाहेर पडले. वय चाळिशीपार, पदरी मुले, हातात धंदा नाही.

१९११ च्या एप्रिल महिन्यात गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ते थोरल्या मुलाला घेऊन गेले. पडद्यावर प्राणी हलत होते. दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब गेले. ईस्टरचे दिवस असल्याने त्या दिवशी येशूच्या जीवनावरचा चित्रपट होता. येशू पडद्यावर चालत होता, चमत्कार घडत होते आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहात होते. हा प्रसंग अनेकांनी सांगितला आहे आणि बहुतेक जण तो भक्तीचा प्रसंग म्हणून सांगतात. तो तसा असेलही. पण अंधारात बसलेला माणूस जादूगार होता, हे विसरून कसे चालेल? इतर प्रेक्षकांना चमत्कार दिसला. जादूगाराला चमत्कार दिसला, की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: हे केले कसे?

पुढचे महिने वेडाचे होते. एक छोटा कॅमेरा आणि काही रिळे आणून घरच्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात रात्र-रात्र खटाटोप, दिवसा चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहणे. झोप उडाली. आणि मग दृष्टीच जवळजवळ गेली. ज्याचे सगळे शिक्षण डोळ्यांनी झाले, त्या माणसाला दिसेनासे झाले! डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने उपचार करून आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे देऊन त्यांना पुन्हा पाहते केले. सावध माणूस इथे थांबला असता. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवले. हेपवर्थ हे इंग्लंडमधले नावाजलेले चित्रपटकार. त्यांनी या अनोळखी हिंदी माणसाला सगळे विभाग मोकळेपणाने दाखवले. दोन आठवड्यांत फाळके विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची ऑर्डर देऊन परतीच्या वाटेला लागले.

वाटाण्याचा वेल

दादरच्या मेन रोडवर, म्हणजे आजच्या दादासाहेब फाळके मार्गावर, मथुरा भवन नावाच्या बंगल्यात ते राहात होते. तिथे आवारात त्यांनी काचेची खोली उभारली. पण चित्रपटाला पैसा लागतो आणि सावकाराला स्वप्ने दाखवून पैसा मिळत नाही. त्याला काहीतरी प्रत्यक्ष दाखवावे लागते.

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोवला. ठरावीक अंतराने थोडी-थोडी फिल्म फिरवत महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपट्याची चित्रे घेत राहिले. सगळी चित्रे सलग दाखवली, तेव्हा पडद्यावर माती हलली, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि जेमतेम एका मिनिटात वेल झाला! पाहणारे थक्क झाले. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या फिल्मने जे व्याख्यानाने झाले नसते ते केले. कर्ज मिळाले.

इथे क्षणभर थांबून एका जुन्या खेळाची आठवण केली पाहिजे. भारतातल्या रस्त्यावरच्या जादूगाराचा सर्वांत गाजलेला खेळ कोणता? दोरीचा म्हणाल, तर दोरीचा खेळ ऐकलेलेच जास्त, पाहिलेले कमी. खरोखर गल्लोगल्ली होणारा खेळ आंब्याच्या झाडाचा. मदारी सर्वांसमोर कोय मातीत पेरतो, पाणी शिंपडतो, फडके झाकतो, डमरू वाजवतो. फडके उचलले, की अंकुर. पुन्हा झाकले, पुन्हा उचलले, की हातभर रोप. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत बंगालच्या जादूगारांनी दरबारात बघता बघता झाडे उगवून दाखवल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे सतराव्या शतकातही हा खेळ जुनाच होता.

बी पेरायचे आणि बघता बघता रोप वाढवून दाखवायचे. फाळक्यांची वाटाण्याची फिल्म हा तोच खेळ नाही काय? फरक एवढाच, की मदारीच्या फडक्याखाली रोप बदलले जाते. फाळक्यांच्या कुंडीत काहीच बदललेले नव्हते. वेल खरा, वाढ खरी, मातीही तीच. लपवला होता तो फक्त वेळ. जर्मन जादूगाराकडून शिकलेल्या खेळांत केळफाचे स्वतःचे काही नव्हते. पण ही कुंडी मात्र पूर्णपणे त्यांची होती. अशी फिल्म जगात इतरत्रही घेतली जात होती, तरी हिंदुस्थानातल्या माणसाला कोणता चमत्कार पाहून हात खिशात घालावासा वाटेल, हे लंडनमध्ये कोणी शिकवले नव्हते.

नवी जादू शोधायची कशी, हा प्रश्न शिकाऊ जादूगारांना नेहमी छळतो. मूळ खेळ तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वस्तू आणणे, घालवणे, बदलणे, तरंगवणे, तोडून जोडणे. बाजारात सामान विकत मिळते, त्यासोबत काय बोलायचे त्याचा कागदही मिळतो. वाढदिवसाच्या पार्टीत तीच कबुतरे, तेच रुमाल आणि तेच विनोद सगळ्यांनी पाहिलेले असतात. फाळक्यांपुढेही तेच सामान होते. त्यांनी काय वेगळे केले, हे पुढच्या दोन-चार वर्षांत दिसून आले.

सरस्वतीबाईंचे हात

‘राजा हरिश्चंद्र’ला सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. पण दागिने देऊन त्या बाजूला बसल्या नाहीत. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती भोके अंधारात, यंत्रावर, एका मापात पाडावी लागत. एक चुकले, तर पडद्यावर चित्र उडणार. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! दिवसा चूल, रात्री फिल्म. जादूगाराला पडद्यामागे एक विश्वासू हात लागतो आणि त्या हाताचे नाव जाहिरातीत कधी नसते.

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण शेवटी तारामती झाला. सिनेमात काम करतो असे सांगायची चोरी होती. म्हणून कोणी विचारले, तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगा, असे फाळक्यांनी नटांना बजावले होते. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात हा चित्रपट लागला. त्या दिवशीच्या कार्यक्रमात चित्रपटाबरोबर एका विलायती बाईचे नृत्य, विनोदी नक्कल आणि पायांनी कसरती करणाऱ्या एका जगलरचा खेळही होता. त्या काळची ती पद्धतच होती. प्रोफेसर केळफा ज्या प्रकारच्या कार्यक्रमात उभे राहिले असते, त्याच प्रकारच्या कार्यक्रमात बारा वर्षांनी फाळके परत आले होते. या वेळी नाव सुलटे होते.

आणि खेळ? खेळ पुष्कळसे तेच होते. कॅमेऱ्याचे हँडल फिरवणे थांबवायचे, नटांना जागच्या जागी गोठून उभे राहायला सांगायचे, एकाला बाजूला काढायचे, पुन्हा हँडल फिरवायचे. पडद्यावर माणूस गुप्त! एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचे, की ज्वाळांत उभ्या असलेल्या देवता दिसतात. ही युक्ती फाळक्यांची नव्हे. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस हा जादूगार १८९६ पासून या युक्त्या करत होता. गंमत म्हणजे, मेलिएसने १८८८ मध्ये विकत घेतलेले थिएटर त्याच रॉबेर-ऊदँचे, ज्याने जादूगाराला काळा कोट दिला. एका अर्थी एकाच घराण्याचे हे दोन शागीर्द, एकमेकांना न भेटलेले.

पण मेलिएसने या युक्त्यांनी चंद्रावर स्वारी घडवली. फाळक्यांनी त्या विश्वामित्राच्या हातात दिल्या. स्टेजवर रुमाल नाहीसा झाला, की प्रेक्षक म्हणतो, ‘हातचलाखी आहे!’ आणि तो चूक पकडायला टपून बसतो. शंकर पडद्यावर प्रकट झाला, की तोच प्रेक्षक हात जोडतो. युक्ती तीच, पण तिला जाऊन बसायला घर मिळाले. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या कथांत माणसे गुप्त होतच होती, दगडाची बाई होतच होती. त्यांना फक्त कोणी दाखवले नव्हते.

पंचवटीच्या गावात

‘हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. मुंबईचा धंदा सोडून नाशिक कशाला, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. नाशिकला गेलेल्या कोणालाही उत्तर सुचेल. गोदेचे घाट, काळ्या दगडाची देवळे, पलीकडे पंचवटी, सीतागुंफा, तपोवन. रामकथेतली ठिकाणे इथे पत्ता विचारत जाता येतील इतकी जवळ आहेत. शूर्पणखेचे नाक इथेच कापले म्हणून गावाचे नाव नाशिक, असे रिक्षावालाही सांगतो. पौराणिक चित्रपट काढणाऱ्याला याहून चांगला स्टुडिओ कोणता?

इथे ‘मोहिनी भस्मासुर’ झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केले आणि पडद्यावर प्रथमच स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. इथेच ‘सत्यवान सावित्री’. पहिले महायुद्ध आले, कच्ची फिल्म मिळेना, पैसे संपले. त्या रिकाम्या काळात फाळक्यांनी छोट्या-छोट्या फिल्म केल्या आणि त्यांतला जादूगार अगदी उघड दिसतो. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाण्यांचा खेळ. आणि एका फिल्ममध्ये चक्क प्रोफेसर केळफाच परतले! आपल्या जादूचे खेळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर करून ठेवले.

१९१७ मध्ये आलेल्या ‘लंकादहन’ने सगळी कसर भरून काढली. अण्णा साळुंके यात राम झाले आणि सीताही! गणपत शिंदे हनुमान. हा हनुमान आकाशात उडाला, लहान-लहान होत गेला, शेपटीने लंका पेटली. मुंबईत तिकिटाचे पैसे पोत्यांत भरून नेले, अशी आठवण सांगतात. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरचा अंजनेरी रोज डोळ्यांपुढे असलेल्या गावात हनुमानाचे उड्डाण तयार झाले, हा योग छान जमला.

त्याच वर्षी फाळक्यांनी जादूगारांच्या जमातीत महापाप समजले जाणारे एक काम केले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची फिल्म काढून त्यांनी आपला कारखाना लोकांना उघडून दाखवला. जादूगार मरेपर्यंत गुपित सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, तेही शपथ घालून. फाळक्यांनी मात्र ‘नवयुग’ मासिकात लेख लिहिले, नट-तंत्रज्ञ शिकवून तयार केले. हे त्यांना परवडले का? व्यवहारात कदाचित नाही. पाच-दहा वर्षांत दुसरे पुढे गेले. पण गुपित कळल्यावरही लोक पुन्हा पाहायला येतात, याची खात्री असल्याशिवाय माणूस असे करत नाही.

दुसरे एक नाव

ज्या १९१३ मध्ये ‘हरिश्चंद्र’ लागला, त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला बंगालमधल्या टांगाईलजवळ प्रतुलचंद्र सरकार जन्मले. पुढे जगभर पी. सी. सोरकार म्हणून गाजलेले जादूगार ते हेच. त्यांनीही नावाशी खेळ केला. इंग्रजीत जादूगाराला ‘सॉर्सरर’ म्हणतात, त्याच्या जवळ जाईल असे आडनावाचे स्पेलिंग त्यांनी केले. वेश मात्र उलटा निवडला. काळा कोट टाकून महाराजाचा अंगरखा आणि तुरा लावलेला फेटा! ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी करवतीने मुलगी कापली, ती उठलीच नाही, आणि वेळ संपल्याने कार्यक्रम बंद झाला. घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनने बीबीसीच्या लाइन तुंबल्या. मुलगी अर्थातच सुखरूप होती. करवतीचा खेळ जुनाच होता. कार्यक्रम नेमका कधी संपतो, हे ओळखून तो तिथे बसवणे हे सोरकारांचे.

मराठी रंगमंचावर हे काम पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी केले. ते देशोदेशी फिरले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा चालवला. एकाच घरात तीन पिढ्या. आजोबांचा खेळ नातवाने जसाच्या तसा केला, तर मोबाइलवर दिवसभर चमत्कार पाहणारी मुले खुर्चीत टिकणार नाहीत, हे अशा घराला कोणी सांगावे लागत नाही.

फाळक्यांची उतरण लवकर सुरू झाली. भागीदारांबरोबर १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, वाद झाले, मधेच चिडून काशीला गेले, परतले. बोलपट आले आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. त्यांचा हा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. मग नाशिक. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते तिथेच गेले. तिकडे मेलिएसनेही पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनावर खेळण्यांचे दुकान चालवून म्हातारपण काढले होते. मुंबई-नाशिक महामार्गावर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आता फाळक्यांचे स्मारक आहे. लेणी पाहायला आलेली कुटुंबे तिकडेही वळतात.

फाळक्यांच्या बहुतेक फिल्म नष्ट झाल्या. जे तुकडे उरले, ते पुण्याच्या फिल्म संग्रहालयाने जपले. त्यांत १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सहा-सात वर्षांचे. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके तिला साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर बसवतात. ती हसते, रागावते, रडवेली होते, एकेक भाव करून दाखवते. खेळापूर्वी जादूगार आपली टोपी उलटी करून रिकामी असल्याचे दाखवतो ना, तसे. मग तीच मुलगी मोरपीस लावून समोर येते आणि यमुनेच्या डोहात उडी घेते.